बसलेल्याला विचारायचं नाही

१६ नोव्हेंबर, रविवार, दुपार

प्रिय धाकट्या,

ताईचे पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळे इकडं हातीपायी धड आहोत, तूही असशील असं धरून चालते.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून मनात काहीबाही आणू नकोस. चिंगी ठणठणीत आहे. तू गोदीत कामाला जाताना माझ्याकडं सोपवलेली तुझी लेक आता इतकी बोलते की तोंडाला कुलूप लावावं म्हटलं तर किल्लीसुद्धा तीच मागून घेईल. लिफ्टला ती होडी म्हणते. कुणी शिकवलं देव जाणे. दार बंद झालं की ‘ओढा रे ओढा’ म्हणून कोकलते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्या बाई दर वेळी दचकतात. परवा जेवताना तिनं विचारलं, "मोठी आई, माशाला डोकं असतं?" इथल्या बाजारात सगळी मासळी डोकं उडवूनच येते ना. मी म्हटलं, असतं बाई, माणसांपेक्षा जास्त असतं.

तुझे दाजी कोल्ड स्टोरेजमधून घरी येतात ते हात काखेत घालूनच. चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसतात, पीत नाहीत. मी कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जाते. टोपी, हातमोजे, तोंडाला फडकं, आम्ही सगळ्या बायका एकसारख्या. मुकादमीण मला रोज दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं हाक मारते आणि मी ओ देते. कोण वाद घालत बसणार?

सुकाणूकाकांना आपल्या इमारतीतच गाड्या लावून घ्यायचं काम मिळालंय. जन्मभर गावातली सगळ्यात मोठी होडी ज्यांनी हाकली, ते आता शिट्टी गळ्यात घालून उभे असतात. लोकांच्या मोटारी होडीसारख्याच आत घेतात. "डावं दाब, अजून डावं, आता सोड!" एका डॉक्टरची गाडी अशीच खांबाला टेकली. डॉक्टर भडकला तर काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही लाट चुकवलीत." जाळीवाल्या काकू हल्ली शाळांची व्हॉलीबॉलची जाळी दुरुस्त करून देतात. म्हणतात, "एवढं जाळं आणि आत एक चेंडू सापडत नाही, कसला हा धंदा!" मास्तरांना एका शिकवणीत काम आहे.

आता पुरे. हे सगळं मी का लिहितेय ते तुला कळलं असणारच. तू विचारलेलं सोडून बाकी सगळं लिहितेय. तू विचारलंस, ताई, माणसं सुखात आहेत ना? एवढं हो म्हण. ते ‘हो’ लिहायला मी दोनदा बसले. दोन्ही कागद चुलीत, म्हणजे इथं चूल कुठली, कचऱ्याच्या डब्यात गेले.

धाकट्या, माझं अक्षर बघ. कोंबडीनं पाय ओढावेत तसं झालंय. जे कळलं ते कळून इतके दिवस झाले तरी भाजी चिरता चिरता मी थांबते आणि हातात सुरी घेऊन तशीच उभी राहते. सगळं सांगते. तुला ठाऊक असलेलंही सांगते, कारण हे पत्र तू वाचून झाल्यावर चिंगीसाठी ठेवायचंय. तिला मोठेपणी कुणी विचारलं, तुमचं गाव का उठलं, तर तिला खरं ठाऊक असावं.

चिंगे, तुझ्या खापरपणजोबांच्या काळात दोन होड्या वादळात भरकटून डोंगराच्या पलीकडं त्या वाळूला लागल्या. काळ्या खडकाखाली गोड्या पाण्याचा झरा होता, म्हणून एक हंगाम राहू म्हणाले. राहिले ते राहिलेच. धक्का नाही, बंदर नाही, रस्ता नाही. मागं डोंगर आणि पुढं फुटणाऱ्या लाटा. होडी पाण्यात सोडायची तर गावानं ढकलायची आणि परत आली की गावानंच ओढून वर घ्यायची. एकच जाडजूड दोर. त्याला पुरुष, बायका, म्हातारे, सगळे लागायचे. मास्तर हाताला खडू लागलेला असतानाच शाळेतून पळत यायचे. आमच्या लहानपणी वाळूवर इतक्या होड्या असायच्या की पोरांना लपंडाव खेळायला वेगळी जागा शोधावी लागायची नाही. मासळी वाळवायचे बांबू थेट झऱ्यापर्यंत गेलेले. व्यापाऱ्याची लाँच आठवड्यातून दोनदा भोंगा वाजवत यायची. शाळा होती, दुकान होतं, दुकानात बरण्या होत्या. मला आणि तुझ्या बापाला वाटायचं, जगातलं सगळ्यात मोठं शहर हेच.

मग मोठी जहाजं आमच्या पाण्यात शिरली, मासळी लांब गेली, लाँच यायची बंद झाली, तरुण पोरं एकेक करून डोंगर चढून निघून गेली. पण मासळी कमी झाली म्हणून आमचं गाव मोडलं नाही. पोटापुरतं तेव्हाही मिळत होतं. दोराला हात कमी पडायला लागले. जो जाईल तो आपले दोन हात घेऊन जायचा. होड्या वाळूवर राहायला लागल्या, मग वाळूत रुतायला लागल्या. शेवटी सुकाणूकाकांची तेवढी एक उरली.

आणि आमची एक रीत होती. वाळूवर कुणी ‘नको’ म्हणायचं नाही. ज्याला त्या दिवशी समुद्रात जायला मन धजत नसेल त्यानं नुसतं खाली बसायचं. एक जरी माणूस बसला तरी होडी हलायची नाही. आणि बसलेल्याला विचारायचं नाही. का बसलास, कशाला भ्यालास, तेव्हा नाही आणि नंतर घरी गेल्यावरही नाही, बायकोनंसुद्धा नाही. म्हणे फार पूर्वी एकाला असं विचारलं, चारजण हसले, तो लाजेनं उठून होडीत बसला आणि ती होडी परत आलीच नाही. तेव्हापासून ही रीत. बाहेरच्यांना खुळेपणा वाटायचा. आम्हांला त्या रीतीनं कितीदा वाचवलं असेल, मोजदाद नाही.

चिंगे, तू झालीस त्या सकाळी समुद्र फार माजला होता. तुझ्या आईला होडीनं तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. होडी ढकलायला सगळे लागले. मी लागले, जाळीवाल्या काकू लागल्या, तुझा बाप तर खांद्यावरचं कातडं सोलवटेपर्यंत रेटत होता. होडी निम्मी गेली आणि रुतली. हात कमी पडले. तू वाळूवर जन्मलीस आणि तुझी आई वाळूवरच गेली. तिला आम्ही झऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवलं, तिथून होड्या दिसतात म्हणून.

आता धाकट्या, पुन्हा तुझ्याशी बोलते.

पुढचा महिनाही भरला नव्हता तोवर सरकारी साहेब लाँच घेऊन आला. तुला आठवतं, वाईट नव्हता रे तो माणूस. सुकाणूकाकांनी त्याला आपली रीत आधीच सांगून ठेवली होती आणि त्यानं ती पाळली. वाळूवर ताडपत्री घालून म्हणाला, "सगळे बसा. शहरात घरं आहेत, कामं आहेत, दवाखाना हाकेवर आहे. ज्यांना यायचंय त्यांनी उठा. एक जरी माणूस बसून राहिला तरी मी लाँच वळवून परत जाईन, आणि का बसला ते विचारणार नाही." किती वेळ कुणी हललं नाही. सगळ्यांच्या माना खाली. अधूनमधून लोक तुझ्याकडं बघत होते. आणि तू उठलास. मग एकेक करून सगळे उठले. सगळ्यात शेवटी सुकाणूकाका. साहेबानं कपाळाचा घाम पुसला. पंधरवड्यात गाव रिकामं झालं, आणि त्यानंतर आजतागायत कुणी कुणाला विचारलं नाही. वाळूवरचं वाळूवरच राहतं ना आपल्यात.

इथवर तुला ठाऊक होतं. आता ठाऊक नसलेलं ऐक.

मी अधूनमधून तिथं जात होते. होय, तुला न सांगता, तुझ्या दाजींनाही न सांगता. बस आता डोंगराखालच्या खाणीपर्यंत जाते, पुढं चढ. घरी सांगायचे, डोळ्यांच्या डॉक्टरकडं चाललेय. तुझे दाजी बिचारे म्हणायचे, "एवढ्या खेपा घालतेस तरी तुला सुईत दोरा ओवता येत नाही, डॉक्टर बदल." मी चिंगीच्या आईची जागा झाडून यायचे. पण दर वेळी ती आधीच झाडलेली असायची. भोवती पांढरे गोटे मांडलेले, गवत उपटलेलं. मला वाटलं तू येतोस गुपचूप. मनातल्या मनात बरं वाटलं. म्हटलं, पोराला तिथं पाय ठेवायचं बळ आलं.

मागच्या महिन्यात एक दिवस कोल्ड स्टोरेजची मशिनं बिघडली. आमच्या शेडलाही अचानक सुट्टी, आणि शाळा-शिकवण्या सणामुळं बंदच होत्या. तुझे दाजी म्हणाले, मुकादमानं यंत्र पुसायला बोलावलंय, आणि गेले. मी चिंगीला शेजारी ठेवलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडं निघाले. डोंगराच्या अर्ध्यात पोचते तर समोर जाळीवाल्या काकू चपला काढून दगडावर बसलेल्या. मी थिजलेच. त्याही.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"गुडघ्याच्या डॉक्टरकडं," त्या म्हणाल्या. डोंगरावर! "आणि तू गं?"

"डोळ्यांच्या."

"मग चल की. दोघींचे दवाखाने एकाच वाटेवर दिसतात."

इतक्या हसलो आम्ही, धाकट्या, की मला ठसका लागला. पार गाव सोडल्यापासून मी अशी हसले नव्हते. हसत हसतच माथ्यावर पोचलो, आणि खाली बघते तर आपल्या घराच्या चुलीचा धूर. खाली येऊन बघते तर उंबऱ्यात तुझे दाजी बसलेत, पुढ्यात दाराची बिजागरी, तोंडात खिळे. छप्पर अर्धं खाली आलंय, आत आभाळ दिसतंय आणि हा माणूस दार दुरुस्त करतोय! मी म्हटलं, "हेच का तुमचं यंत्र?" त्यांनी खिळे तोंडातून काढले आणि म्हणाले, "तुझे डोळे सुधारलेले दिसतात."

शाळेत मास्तर सापडले, फळा पुसत होते. दुकानदार सापडला. त्याची बायको त्याच्या नंतर पोचली, ती वेगळी थाप मारून आली होती. झऱ्यावर आणखी चौघं. जो तो दुसऱ्याला बघून चोर सापडल्यासारखा करायचा. सुकाणूकाका आपल्या होडीपाशी उभे होते, तिच्या बुडाला तेलाचं फडकं फिरवत. तेल लावून ती होडी कुठं जाणार होती? पण लावत होते. म्हणाले, "इथं येतो तेव्हाच मला रात्री जेवण जातं." आणि चिंगीच्या आईच्या जागेभोवतीचे पांढरे गोटे? ते दुकानदारानं आणलेले. गवत मास्तर उपटायचे. तू नव्हतास रे. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरं जे काही झालंय ते तू करतोस.

आम्ही सगळे वाळूवर जमलो. थोडी चेष्टामस्करी झाली. तेवढ्यात जाळीवाल्या काकूंच्या गुडघ्यातून कळ आली आणि त्या मटकन खाली वाळूवर बसल्या. सवय कशी असते बघ. कुणी हात द्यायलाही गेलं नाही. बसलेल्याला विचारायचं नाही.

आणि सुकाणूकाकांनी विचारलं.

"का बसलीस?"

ती रीत पडल्यापासून हे कुणी तोंडातून काढलं नव्हतं. काकू वर बघत राहिल्या. त्यांना सरळ सांगता आलं असतं की बाबा, गुडघा दुखतोय. पण त्या म्हणाल्या, "त्या दिवशीही बसूनच राहणार होते. मग ते पोर उठलं. त्याची बायको इथं मेली, त्याला ही वाळू डोळ्यांसमोर नको असेल, आणि मी म्हातारी बसून राहून त्याला कशी अडकवू? म्हणून उठले."

मास्तर म्हणाले, "मी पण." दुकानदार म्हणाला, "मी पण." त्याची बायको त्याला म्हणाली, "तुला जायचं होतं ना? तुझ्यासाठी मी उठले!" तो म्हणाला, "मी त्याच्यासाठी उठलो. मला वाटलं तू खूश आहेस." तुझ्या दाजींनी डोकं धरलं. एकेकाचं तेच. अरे, एकालाही जायचं नव्हतं! एकाला तरी दवाखान्याची, नळाची, रस्त्याची हौस असावी की नाही? असेल थोडीथोडी, कुणाला नसते. पण गाव सोडावं इतकी कुणालाच नव्हती. सुकाणूकाका सगळ्यांत शेवटी बोलले. "मी एकटा बसलो होतो. एक बसला की पुरे, हे मला ठाऊक होतं. पण सगळं गाव उभं दिसलं. मला वाटलं, माझं म्हातारपण या पोरांच्या पायांत कशाला घालू." एवढं म्हणून ते लहान पोरासारखे रडायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघितलं.

आणि शेवटी मास्तर म्हणाले, "निदान त्या पोराची तरी सुटका झाली. त्याला इथं राहणं शक्यच नव्हतं. आपण त्याच्यासाठी केलं, वाया नाही गेलं." बुडत्याला काडीचा आधार. सगळ्यांनी ती काडी धरली. होय, होय, त्याच्यासाठी केलं. एकासाठी का होईना. दाजी म्हणाले, "पण त्याला हे कळू द्यायचं नाही. आपल्यामुळं गाव उठलं असं वाटून घेईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. त्या दिवशी आम्ही सगळे मिळून एकाच बसनं परत आलो, आणि खरं सांगते, जरा हलकं वाटत होतं.

घरी आले तर दारात तुझं पत्र.

तुझेच शब्द तुला परत लिहिते, कारण मला ते पाठ झालेत. "ताई, तुला म्हणून सांगतो. मला तिथून हलायचं नव्हतं. ती तिथं आहे, मी कुठं जाणार होतो? पण सगळे माना खाली घालून बसले होते आणि चोरून माझ्याकडं बघत होते. मला कळलं, हे माझ्यामुळं अडकलेत. मी उठलो तर सुटतील. म्हणून उठलो. इथं गोदीत वेल्डिंग करताना रोज तेवढंच मनाशी म्हणतो, की एवढी माणसं तरी सुखात आहेत. आहेत ना? एवढं हो म्हण."

मी दारातच उभी होते, पायात चपला तशाच. चिंगी माझा पदर ओढत होती आणि मला ऐकूच येत नव्हतं.

तुझ्यावर मी चिडले, धाकट्या. खोटं कशाला बोलू? भयंकर चिडले. वाटलं, तुला तोंड नव्हतं का रे? सख्ख्या बहिणीला एका शब्दानं विचारता आलं नाही? मग स्वतःवर चिडले, कारण मीही कुठं विचारलं होतं. मग त्या रीतीवर, मग त्या साहेबावर, मग ज्यानं पहिल्यांदा कुणाला हसून होडीत बसवलं त्या मेलेल्या माणसावर. शेवटी चिडायलाही कुणी उरलं नाही. तुझ्या दाजींना मी सांगितलं नाही. ते समोर बसून चहाचा कप धरायचे आणि मला वाटायचं, आत्ता बोलेन, आत्ता बोलेन.

तुला ‘हो’ लिहिलं असतं तर तुला झोप लागली असती. त्यांना काही सांगितलं नसतं तर त्यांची काडी त्यांच्या हातात राहिली असती. दोन्हीकडचं फक्त मला ठाऊक. पण मग मला दिसलं की मी पुन्हा तेच करतेय. एकमेकांना जपता जपता गाव घालवलं, आता उरलेलंही तसंच घालवायचं का? मला ते सहन होईना.

म्हणून आज सकाळी मी तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. तुला न विचारता. रागावायचं तर रागाव. गच्चीवर सगळ्यांना बोलावलं. रविवार, तारांवर कपडे वाळत होते, त्या ओल्या चादरींच्या मध्ये सगळे उभे. मी मोठ्यानं वाचलं, अर्ध्यावर कागद मास्तरांच्या हातात दिला, पुढचं त्यांनी वाचलं. ते शाळेत वाचायचे तसे, स्पष्ट, थांबून थांबून. ‘मला तिथून हलायचं नव्हतं’ हे वाक्य त्यांनी वाचलं आणि चष्मा काढला. पुढचं त्यांना दिसेना.

खाली रस्त्यावरचे भोंगे ऐकू येत होते. मग जाळीवाल्या काकूंनी विचारलं, अगदी साधेपणानं, भाजीचा भाव विचारावा तसं.

"मग जायचं होतं कुणाला?"

दुकानदार म्हणाला, "साहेबाला." सुकाणूकाकांनी मान हलवली. "त्या दिवशी लाँचमधून उतरून वाळूवर येताना साहेब मला म्हणाला होता, काका, एखादा बसला तर बरं होईल, एवढं छान गाव मोडायला मन होत नाही."

धाकट्या, एवढं गाव, एवढी माणसं, एवढी वर्षं. कुणीच नव्हतं रे. एकही नव्हतं.

परत जाऊन राहू म्हणशील, तर ते आता व्हायचं नाही. तुझे दाजी दार बसवतात, पण दाराला घर उरलेलं नाही. झऱ्याची भिंत मागच्या पावसात फुटली. आणि दोराला हात कुठून आणायचे? सुकाणूकाकांनी आज गच्चीवरच बोटं मोजत हिशेब केला आणि अर्ध्यावर सोडून दिला. कुणी त्यांना पुढं विचारलं नाही. पण तू ये. सुट्टी मागून ये, नाही मिळाली तर भांडून ये. चिंगीला घेऊन आपण सगळे तिच्या आईकडं जाऊ. थापा न मारता, उघड, दिवसाढवळ्या, बस भरून. काकूंचा तर निरोप आहे, त्याला म्हणावं तुला आधी एक थोबाडीत देणार आहे आणि मग जेवायला घालणार आहे. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती हे म्हणताना.

आता एक राहिलं. वाळूवर सगळ्यांनी आपापलं सांगितलं, मी गप्प होते. आज गच्चीवरही गप्प होते. या पत्रातही एवढी पानं झाली, तुला दिसलंच असेल, मी दुनियेचं सांगितलं आणि माझं नाही.

त्या दिवशी ताडपत्रीवर मी तुझ्या शेजारी होते. तू कित्येक दिवस नीट जेवला नव्हतास. उठताना तुझा तोल गेला आणि तू माझ्या खांद्यावर हात टेकलास. जोरात, सगळा भार टाकून. मला वाटलं तू मला उठवतोयस. ताई, चल, असं म्हणतोयस. मला जायचं नव्हतं रे. जिथं आईबाप गेले, जिथं तुला कडेवर घेऊन मी होड्या ओढताना बघितल्या, तिथून मला कुठंही जायचं नव्हतं. पण तुझा हात खांद्यावर होता, म्हणून मी उठले. तुझ्यामागं पहिली मी उठले. लोकांनी तुला एकट्याला उभं बघितलंच नाही, आपण दोघं उभे दिसलो, आणि मग बाकीचे उठले.

मला एवढंच सांग. तू नुसता आधाराला हात टेकला होतास ना? आणि मी बसून राहिले असते, तर तू वळून माझ्याकडं बघितलं असतंस का? परत खाली बसला असतास का?

जे असेल ते लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

उत्तराची धास्ती घेतलेली, तरी ते मागणारी,
तुझी ताई